नवं पुस्तक कपाटात होतं

घरातली वीज सारखी जायला लागली म्हणून मी सेलूच्या विजेच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेलो होतो. 'लिंबाजीला पाठवा, त्याला आमची लाईन ठाऊक आहे,' म्हणालो, तर टेबलापलीकडच्या माणसानं पेन खाली ठेवलं. "सर, लिंबाजी गेला की. कावीळ झालती. तीन दिवस झाले." मी तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला. शाळेत एका बाकावर बसलेल्या मित्राला कुणी साधा निरोपही धाडू नये... का, ते मला ठाऊक आहे. तेच आज लिहायला बसलोय.

आम्ही एकाच गावचे. आमचं घर मळेवाल्यांचं, वरच्या गल्लीतलं, त्याचं बौद्धवाड्यात. गणितात तो माझ्या कितीतरी पुढे. आम्ही बारावीत असताना विद्यापीठाच्या नामांतराची दंगल गावात शिरली आणि भर दुपारी त्यांची घरं पेटली. लहान वयातच लग्न झालेला लिंबाजी पाळण्यातली लेक उचलून बायकोसह ज्वारीच्या रानात पळाला. वह्या-पुस्तकं जळाली. पेटवणाऱ्यांत माझा चुलता होता आणि मी माडीवर कडी लावून बसलो होतो. त्या वर्षी त्याचे बाकीचे विषय निघाले, गणित राहिलं. पुढे भेटला तेव्हा मला 'तू' म्हणणारा लिंबाजी 'तुमी' म्हणायला लागला होता.

सहा-सात वर्षांनी आम्ही दोघंही सेलूत होतो. तो खांबावर चढणारा वायरमन, मी कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवणारा. बारावी सायन्स पूर्ण असेल तर त्याला वरची जागा मिळणार होती, म्हणून राहिलेला पेपर द्यायचं त्यानं ठरवलं. अडलं ते पुस्तकापाशी. पुस्तक निवडणं त्याच्या लेखी सोयरीक जुळवण्याइतकं जोखमीचं काम. आधी शेवटची पानं उघडायचा, एक गणित स्वतः सोडवायचा आणि छापील उत्तराशी जुळलं नाही की पुस्तक बाजूला. जुळलं तर आणखी एक सोडवायचा, कारण एकदा जुळणं योगायोगही असू शकतो म्हणे! त्याच्या या संशयखोरपणाची मी यथेच्छ टिंगल केली आहे. एका रविवारी माझ्या ओसरीवर त्यानं बाजारातलं नवं गाईड आणि माझं जुनं पुस्तक शेजारी शेजारी मांडलं आणि धड्यांच्या नावांवरून बोट फिरवत गेला.

"ह्याच्यात मॅट्रिक्स हाय. तुमच्यात न्हाई."

"गाईडवाले पानं वाढवायला काहीबाही घालतात रे. मी रोज शिकवतो ना? माझं घेऊन जा."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग माझं पुस्तक पिशवीत घातलं.

अभ्यासक्रम बदलला होता. जुन्या पद्धतीनं पेपर द्यायच्या संधी संपल्या होत्या आणि हे शिकवणाऱ्या मला माहीत नसेल, असं कोण म्हणेल? बोर्डाचं नवं पुस्तक त्या क्षणी माझ्या कपाटात होतं. धाकट्या भावासाठी आणलेलं. भाऊ गणितात दोनदा नापास झाला होता, आणि लिंबाजीनं या एका दणक्यात सुटावं हे मला सोसलं नसतं. इतकंच. जातीचा आकस नाही, काही नाही... अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. आता तिच्यावरही माझा भरवसा नाही.

तो पाच मार्कांनी नापास झाला. मॅट्रिक्सचा प्रश्न आठ मार्कांचा होता. पुस्तक परत द्यायला आला तेव्हा पायरीवरच थांबला.

"मुद्दाम केलं म्हणत न्हाई मी. नुसतं इचारायलोय. ठाऊक होतं का तुमाला?"

"नव्हतं रे."

"बरं," म्हणाला आणि गेला. पुढच्या खेपेला परभणीहून स्वतः पुस्तकं आणून पास झाला. मला सांगायलाही आला नाही. यंदा जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा मात्र पेढे घेऊन दारात उभा. आज हा पुन्हा विचारणार, या धास्तीनं मी पेढा हातातच धरून त्याचं तोंड न्याहाळत होतो. त्यानं काही विचारलं नाही. ती शेवटची भेट.

पुण्यानुमोदनाला, त्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, बोलावणं नसताना गेलो. मागे, भिंतीला टेकून बसलो. त्याची ती पाळण्यातली लेक आता अकरावीला, सायन्सला जाणार आहे. माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ आली.

"बाबा म्हणायचे, गणित काकांकडूनच शिक. लय चांगलं शिकिवतात."

मला राहवलं नाही. म्हणालो, "अभ्यासक्रम बदललेला ठाऊक असून मी तुझ्या बाबांना जुनं पुस्तक दिलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो."

तिची आई चुलीपाशी होती, ती वळून बघायला लागली. पोर माझ्याकडे बघत राहिली, अगदी बापासारखी. रडली असती, हाकलून दिलं असतं तरी मला हलकं वाटलं असतं.

"मग शिकवायला कवा येता, काका?" ती म्हणाली. "पुस्तक माझं मी आणीन."

सोमवारपासून जातोय. त्याच्याच खोलीत बसतो. ती पुस्तक माझ्या हातात देत नाही. आपल्यासमोर ठेवते आणि गणित मला वाचून दाखवते.