दाराशी वाजलेली हलगी

"बघा, याला जागा बराबर माहीत आहे."

इतिहासाचे सर असं म्हणाले आणि सगळी समिती हसली. जालन्यातल्या एका महाविद्यालयाचं संशोधन केंद्र. मी हातात हलगी घेऊन दाराशी उभा होतो. टेबलापाशी माझी खुर्ची रिकामी होती. दाराशी जा, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं.

त्याआधी माझ्या विषयाची सालं काढून झाली होती. अंबड तालुक्यातले हलगीचे ठेके, हा माझा पीएच.डी.चा विषय. मंजुरी मिळाली तर पक्क्या नोकरीची आशा, नाहीतर तासिकेवरची मास्तरकी आहेच. अध्यक्ष रसायनशास्त्राचे. म्हणाले, "प्रयोग कुठाय? पुन्हा केला तरी तेच उत्तर यायला हवं. त्याला संशोधन म्हणतात." इतिहासाचे सर म्हणाले, "लेखी पुरावा दाखवा. कागद नसेल तर त्या दंतकथा." माझ्या मार्गदर्शक मॅडम मराठीच्या. त्या हळूच बोलल्या, "ठेक्यात शब्द नाहीत ना. साहित्य कसं म्हणू?" प्रत्येकाच्या शास्त्राला कुंपण होतं आणि हलगी वाजवणारा माझा बाप प्रत्येक कुंपणाच्या बाहेर.

मग अध्यक्ष म्हणाले, "आणलीच आहे, तर वाजवून दाखवा."

मी उठलो. पाय आपोआप दाराकडे गेले. पाठ चौकटीला, मान खाली. एसीच्या गारव्यानं कातडं ढिलं पडलं होतं. हलगी शेकल्याशिवाय बोलते कुठं? बदबद वाजली. शिपायानं टेबलावर चहाचे कप मांडले, माझ्या अंगावरून निघून गेला. अध्यक्षांनी व्हिडिओ काढला. म्हणाले, "युवक महोत्सवात पाठवा. कला आहे ही, संशोधन नव्हे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते हसले म्हणून नव्हे. एम.ए. झालेले माझे पाय अजून गावाच्या ताब्यात आहेत म्हणून. बसमध्ये घरापर्यंत मान वर झाली नाही.

आमचं गाव वडीगोद्रीच्या पुढं. बापानं जन्मभर लग्नाच्या मांडवाबाहेर हलगी वाजवली. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग कुठं उभं ऱ्हायचं व्हतं? आपून दाराशीच वाजिवतो."

किती सहज म्हणाला. मला त्याची लाज वाटली. मग त्या लाजेचीच लाज वाटली. पण माझा खरा प्रश्न मला त्या बोलण्यात सापडला.

कुणी हाकलत नसताना वाजवणाऱ्याचे पाय दाराशी का जातात? प्रयोग हवा ना? आमच्याकडच्या कुठल्याही गावात हलगी वाजवायला सांगा, पाय तिथंच जातील. कागद हवा? ज्यांनी आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, ते तसं लिहून कशाला ठेवतील?

हा नवा आराखडा घेऊन मी पुन्हा समितीपुढे गेलो.

"आज हलगी आणली नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाई सर. मी वाजवणार न्हाई. प्रश्न विचारा."

कुणी हसलं नाही. "मग मंजुरीचं अवघड आहे. विषय बदला," अध्यक्ष म्हणाले.

मंजुरी अडली ती अडलीच आहे. विषय बदलणार नाही. दर बैठकीला जाईन. दार दिसलं की पाय अजून तिकडे ओढ घेतात, घेऊ देत. मी खुर्ची ओढून टेबलापाशी बसेन, चहाचा कप मागून घेईन. नाकारायचं असेल तर बसलेल्या माणसाला नाकारा.