तिसरी मोजणी

फोनवर हरेशचं नाव आलं तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या मीटरचे आकडे वहीत उतरवत होतो. रविवार होता, सकाळचे साडेआठ. दोन वर्षांत त्याचा फोन आला नव्हता आणि मीही केला नव्हता. मी लगेच उचलला नाही. पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवत चार रिंग जाऊ दिल्या, पाचवीला उचलला आणि म्हणालो, "बोल हरेश." पलीकडे त्याची बायको होती. "भावजी, हे गेले. सकाळी उठले, चा घेतला, आनि छातीत दुकाय लागलं म्हनले..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. संध्याकाळी वही उघडली तेव्हा दिसलं की सकाळचा आकडा अर्धाच लिहिला होता.

त्याला आता सात आठवडे झाले. हरेश म्हात्रे घणसोलीजवळच्या तळवली गावचा, म्हणजे आम्ही फ्लॅटवाले इथे येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. मी साताऱ्याकडून आलेला, घणसोलीत भाड्याने राहणारा. रबाळ्याच्या ऑफिसात आमची गाठ पडली त्याला एकोणीस वर्षं झाली. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आमची कंपनी सॉफ्टवेअर करते. तो प्रोग्रॅम लिहायचा आणि मी ते किती भार सोसतात ते तपासायचो. रोज एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही डबे उघडायचो. त्याच्या डब्यात बहुतेक सुकट नाहीतर बोंबील, माझ्यात पालेभाजी. माझी भाजी चाखून तो विचारायचा, "वहिनी मीठ पन तुज्यासारकं मोजून टाकतात काय रे?" कुठलाही आकडा मी तीनदा घेतल्याशिवाय कागदावर लिहीत नसे, म्हणून त्याने माझं नाव 'तीनदा शिंदे' ठेवलं होतं. ऑफिसात नवीन आलेली माणसंही मागून तेच म्हणायची. मला त्याचा राग कधी आला नाही. खरं तर थोडा अभिमानच वाटायचा.

काही वर्षांपूर्वी आमचा जुना एकसंध प्रोग्रॅम मोडून त्याचे अकरा छोटे भाग करायचं ठरलं. एक भाग पेशंटची नोंद ठेवणार, एक रिपोर्ट तयार करणार, एक पेशंटच्या मोबाइलवर निरोप पाठवणार. या भागांना आम्ही सर्व्हिस म्हणतो. त्या वेगळ्या केल्या की त्यांनी एकमेकींशी बोलायचं कसं, हा प्रश्न येतो. एक रीत फोन लावण्यासारखी असते, म्हणजे समोरून उत्तर येईपर्यंत धरून थांबायचं. दुसरी चिठ्ठी टाकण्यासारखी. निरोप एका रांगेत ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं, ज्याचा असेल तो सवडीने उचलेल. आमच्या साहेबांना सगळीकडे पहिलीच रीत हवी होती. ती समजायला सोपी आणि लिहायला लवकर होते, हेही खरं. हरेशचं म्हणणं होतं की सरसकट काहीच ठरवू नये, प्रत्येक जोडीचा वेगळा विचार करावा. एकदा जेवताना त्याने मला दोन वाक्यांत सांगितलं, "रक्त कुनाचं हाय ते इचारल्याशिवाय पुढं जायचं नाय, तिथं थांबायलाच पायजे. पन रिपोर्ट झाला एवडंच सांगायला दुसऱ्याच्या दारात कशाला उभं राह्यचं?" एवढं सोपं करून मला आजवर दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

निर्णयाच्या बैठकीआधी साहेबांनी मला तपासणी करायला सांगितली. सोमवारी सकाळी लॅबमध्ये असते तेवढी गर्दी धरून, साहेबांच्या रीतीत निरोपाचं काम मंद झालं तर एक रिपोर्ट जतन व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं होतं. मी दोनदा मोजलं. बैठकीच्या दिवशी सकाळी हरेश माझ्या खुर्चीमागे चहा घेऊन उभा होता. त्याने पडद्यावरचे दोन्ही आकडे वाचले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. बैठकीत त्याने आपली बाजू मांडली. साहेब माझ्याकडे वळले, "शिंदे, तुमचे आकडे काय म्हणतात?" मी म्हणालो, "दोन दिवस द्या सर, एक मोजणी बाकी आहे." साहेबांना दोन दिवस द्यायचे नव्हते. फोनसारखीच रीत ठरली. हरेशने माझ्याकडे एकदा बघितलं आणि वही बंद केली.

पुढे चार महिन्यांनी, एका सोमवारी, मोबाइलवर निरोप पोचवणारी बाहेरची यंत्रणा मंदावली. आमची निरोपाची सर्व्हिस तिच्यासाठी थांबली, निरोपाच्या सर्व्हिससाठी रिपोर्टची थांबली, आणि उत्तर येत नाही म्हणून प्रत्येकीने पुन्हा पुन्हा विचारायला सुरुवात केली. एकाच्या जागी तीन आणि तिनाच्या जागी नऊ हाका जाऊ लागल्या. तपासण्या झालेल्या होत्या, पण रिपोर्ट काही बाहेर येईनात. एका लॅबमधून बाई फोनवर सांगत होत्या, "अहो, एकांचं उद्या ऑपरेशन आहे, ते सकाळपासून बाकावर बसलेत. मी त्यांना काय सांगू?" हरेशने जेवण सोडून दुपारी साडेतीनपर्यंत बसून तिथे रांग घातली. मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होतो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं, तर तेव्हा पुराव्यानिशी का नाही सांगितलं?" मी तिथेच, दोन खुर्च्या सोडून होतो. हरेश म्हणाला, "आकडे तयार नव्हते सर." त्याने मला वाचवलं की टोमणा मारला, हे मला आजही सांगता येत नाही. महिन्याभरात त्याने स्वतःहून ऐरोलीच्या ऑफिसात बदली मागून घेतली. घणसोलीच्या आधीचं स्टेशन रबाळे आणि त्याच्या आधीचं ऐरोली, एवढंच काय ते अंतर. बैठकीत मी का बोललो नाही, ते तो विचारील तेव्हा सांगू, असं मी ठरवलं होतं. त्याने विचारलं नाही... आणि दोन वर्षं गेली.

तेराव्यानंतर आठवड्याने मी तळवलीला हरेशच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या. हरेशला जे सांगायला हवं होतं ते मी त्यांना सांगितलं. यंत्रणा, सर्व्हिस वगैरे काही न सांगता, एवढंच, की बैठकीच्या दिवशी माझ्याकडे आकडे होते आणि मी बोललो नाही. त्यांचे हात थांबले नाहीत.

"किती आकडे व्हते?"

"दोन. एकदा एकतीस सेकंद आले, एकदा तेहतीस."

"आनि पायजे व्हते किती?"

"पाचच्या आत."

त्यांनी वर बघितलं. "मंग?"

एकतीस आणि तेहतीस यांच्यात फरक का पडला, हे कळल्याशिवाय मला बोलायचं नव्हतं, आणि पाचाच्या हिशेबात त्या फरकाला काहीच अर्थ नव्हता. तो फरक मला एवढा मोठा दिसला, कारण साहेबांच्या विरोधात बोलायचं नव्हतं. ते मी स्वतःला तेव्हा सांगितलं नाही, आत्ता सांगतोय.

"तिसऱ्यांदा मोजलंच नाय काय मंग?" त्यांनी विचारलं.

"मोजलं. त्याच दिवशी संध्याकाळी. बत्तीस आले."

वहिनी सूप बाजूला सारून आत चहा ठेवायला गेल्या. चहा झाला. मी चपला घालत होतो तेव्हा त्या दारात आल्या. "हे म्हनायचे, शिंद्याचा फोन येल. मी म्हनायची, तुमीच करा की. तर म्हनायचे, थांब जरा, त्याची मोजनी चाललीय." सांगताना त्या किंचित हसल्या. हरेशही हे सांगताना हसत असणार. मला ते हसणं डोळ्यांसमोर आणता येतं आणि तेच सहन होत नाही.

हरेशने घातलेली रांग अजून चालू आहे. आमच्या अकरा सर्व्हिसमधलं बाकी बरंच बदललं, त्याने त्या दुपारी घाईत लिहिलेला भाग कुणी बदलला नाही, कारण बदलायची गरज पडली नाही. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला तिच्यात चार हजारांवर निरोप साठतात आणि मग एकेक करत उतरत जातात. कुणी कुणासाठी अडत नाही. पूर्वी मी हे पाहत नसे, ते माझं कामही नाही. आता दर सोमवारी पाहतो. बायको विचारते, ऑफिसात एवढं लवकर जाऊन काय करता. तिला काय सांगणार... गेल्या सोमवारी अकरा वाजून चार मिनिटांनी साठलेल्या निरोपांचा आकडा शून्यावर आला. आजूबाजूच्या टेबलांवर सगळे कानात हेडफोन घालून आपापल्या कामात होते. मी तो एकदाच वाचला आणि उठलो.