डेकवरचे तीनशे

माझे वडील सत्तरीला पोचले तरी त्यांचे वडील हयात होते. म्हणजे आमच्या घरात तसं धरून चालायची पद्धत होती. दादा, म्हणजे माझे वडील, पाळण्यात असताना आजोबा मुंबईहून मोंबासाच्या बोटीत बसले, ते गेलेच. पोचल्याचं पत्र आलं नाही की परतल्याची खबर आली नाही. वसईजवळच्या निर्मळ गावातली केळीची वाडी, विहीर, बायको आणि तान्हं पोर टाकून माणूस आफ्रिकेला का जातो, हे कुणालाच सांगता आलं नाही. आजी म्हणायची, रेल्वेत काम मिळणार होतं. गावातले म्हणायचे, भावाशी पटत नव्हतं. मला विचाराल तर त्यांना कंटाळा आला असावा. केळी लावणाऱ्या माणसालाही कंटाळा येऊ शकतो, हे आमच्याकडे कुणी मान्य करत नाही.

आजी कुंकवानेच गेली. तिला हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून नेलं. त्यानंतर दर पितृपक्षात नवमीला आमच्याकडे तिच्या नावाने सवाष्ण जेवायची. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा तो मान. नवरा कधी गेला, गेला की नाही, याचा पत्ता नसताना आम्ही दरवर्षी गोडाधोडाचा स्वयंपाक करून निकाल देऊन टाकत होतो. दादांचंही तसंच. बाप हयात असलेल्याने तर्पण करायचं नसतं. त्यांच्या बरोबरीचे म्हातारे तळ्यावर तीळपाणी सोडायला जात, तेव्हा दादा वाडीत केळीची पानं कापत बसायचे. लोक चेष्टा करत, "तुझं बरं आहे रे, बाप शंभरीला आला." दादाही हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा.

दोन हजार साल उलटलं आणि दादांच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एकदा हॉस्पिटलातून परत येताना रिक्षात ते म्हणाले, "बाय, तो गेला असेल तर मला कळायला हवं. मी जायच्या आधी त्याला एकदा पाणी देतो. बापाला पाणी न देता गेलो तर वर जाऊन काय सांगू?"

भटजींनी यावर उपाय फार पूर्वीच सुचवला होता. बारा वर्षं पत्ता नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करता येतं, मग पुढचे सगळे विधी मोकळे. दादांनी ते कधी मनावर घेतलं नाही. "नसला मेला तर? मीच जाळला असं व्हायचं. तोंड पाहिलं नाही त्याचं, आणि पहिलं काम काय, तर अग्नी द्यायचा."

शोध माझ्याकडे आला. धाकटा भाऊ विरारला फ्लॅट घेऊन संसारात अडकलेला, आणि मी बिनलग्नाची, फोर्टात नोकरी, म्हणजे रिकामी, असं सगळ्यांचं मत. गावाला वाटलं, सातबाऱ्यावरून म्हाताऱ्याचं नाव काढायची खटपट चालू आहे, वाडी बिल्डरच्या घशात जाणार. एकदोघांनी तर मला भावही विचारून घेतला.

वसई स्टेशनजवळ तेव्हा सायबर कॅफे निघाले होते. अमेरिकेतल्या लोकांसाठी एक साइट होती. आडनाव टाकलं की पणजोबा कुठल्या बोटीने आले, कुठे उतरले, सोबत कोण होतं, सगळं पुढ्यात. मी आमचं आडनाव टाकलं. संगणकाने उलट मलाच विचारलं, तुम्हाला दुसरं काही म्हणायचं होतं का. शेजारच्या ख्रिस्ती घरांचा मला त्या दिवसांत हेवा वाटायचा. त्यांच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, मरण, सगळं ओळीने लिहिलेलं. आमच्याकडे माणूस होता याचा पुरावा म्हणजे आजीचं कुंकू, आणि तेही तिच्याबरोबर जळालेलं.

मग दुपारच्या सुट्टीत मी ऑफिसजवळच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळायला लागले. त्या काळी सुटणाऱ्या बोटींची बातमी यायची आणि खाली उतारूंची नावं छापत. दादांचा जन्म होळीचा, आजोबा गेले ते त्याच वर्षी पावसाळ्यानंतर, एवढाच धागा हातात होता. हात लावला की पानाचा तुकडा पडायचा आणि तिथला शिपाई, मी ते मुद्दाम फाडते आहे अशा नजरेने बघायचा. दिवाळीच्या सुमारास सुटलेल्या मोंबासाच्या एका बोटीची यादी सापडली. एक कर्नल आणि त्याची बायको. दोन पाद्री. एक कापडवाले शेठ सहकुटुंब. कुणा मडमेबरोबर तिचं बाळ आणि आया. आयेला नाव नव्हतं, पण निदान ती एकटी मोजली होती. आणि सगळ्यात शेवटी, "व डेकवर तीनशे."

त्याआधीची बोट पाहिली, नंतरची पाहिली. कुठे डेकवर अडीचशे, कुठे चारशे. सरकारी दफ्तरखान्यात अर्ज करून गेले, तिथल्या कारकुनाने सांगितलं, "डेकवाल्यांची नावं कोण जपून ठेवणार, मॅडम? तिकीट फाडलं, संपलं." त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, आणि त्यामुळे मला जास्तच लागलं. माझे आजोबा त्या तीनशेत होते की पुढच्या चारशेत, एवढंही सांगता येत नव्हतं. उघड्या डेकवर, पोटात ढवळत, वळकटीला टेकून बसलेली तीनशे माणसं, प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाट बघणारं. मी त्या दिवशी डबा उघडला नाही. चिडायला समोर कुणी नसेल तर राग कुठे ठेवायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

तरी मी सोडलं नाही. कुणाच्या ओळखीने मोंबासातल्या एका मराठी गृहस्थांचा ईमेल मिळवला. त्यांनी आपुलकीने चौकशी केली. तिथल्या स्मशानाच्या जुन्या नोंदींत त्यांना एक माणूस सापडला, आमचं आडनाव, आजोबांचंच नाव, आजोबा बोटीत बसले त्याच्या दुसऱ्याच वर्षी तापाने गेलेला. गाव लिहिलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना मला बस हळू चालल्यासारखी वाटत होती.

दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वय काय लिहिलंय?"

"पन्नास."

"तो तेव्हा पंचविशीतला पोरगा, बाय."

"वय अंदाजाने लिहितात, दादा."

"एवढ्या अंदाजाने? हा कुणाचा तरी बाप असेल. त्याचं पाणी त्याच्या पोराने द्यावं. माझ्या बापाचं मी त्याला कसं घालू?"

मी हट्टाला पेटले. म्हटलं, धरून चाला ना, नाहीतरी सत्तर वर्षं आपण धरूनच चाललोय. दादा भिंतीकडे तोंड करून झोपले.

शेवटच्या आठवड्यात ते आयसीयूत होते. मी मधल्या वेळात सारखी कॅफेत जाऊन मेल बघून यायचे. आई बाहेरच्या बाकावर बसून माझं जाणं-येणं बघत असायची. मोंबासाहून पुन्हा काही आलं नाही. दादा शुद्धीत असताना एकदा त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी नाही अशी मान हलवली. आमचं शेवटचं बोलणं ते. दुसऱ्या दिवशी दादा गेले.

बाराव्याला सपिंडी होती. गेलेल्या माणसाच्या पिंडाचे दर्भाने तीन भाग करतात आणि ते त्याच्या बापाच्या, आजाच्या, पणज्याच्या पिंडांत मिसळतात, तेव्हा तो पितरांत जाऊन बसतो. आमचे जुने भटजी वारले होते. आलेले भटजी तरुण, नालासोपाऱ्याहून मोटारसायकलवर आलेले. त्यांना आमची कथा ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी भावाला दादांच्या वडिलांचं नाव विचारलं. भावाने सांगितलं.

"ते गेलेले ना?" भटजींनी सहज विचारलं. "हयात असतील तर त्यांचा पिंड नाही घालता येत. त्यांना सोडून वरच्यांपासून धरावं लागेल."

 भावाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी बायकांत बसले होते. एरवी क्रियाकर्मात मुलीला कोण विचारतं? पण शोध मी केला होता, तेव्हा उत्तर माझ्याकडेच असणार असं त्याला वाटलं. भटजींनी त्याची नजर पकडली आणि तेही माझ्याकडे बघायला लागले. माहीत नाही म्हणायची तिथे सोय नव्हती. हयात म्हटलं तर ज्या बापाची दादांनी जन्मभर वाट पाहिली, त्यालाच ओलांडून त्यांना पुढे जावं लागणार होतं.

"गेले," मी म्हणाले.

भटजी पुढचा मंत्र म्हणायला लागले. भावाने पिंड मिसळला. मला भडभडून आलं आणि बायकांना वाटलं, दादांसाठी रडते आहे. ज्याला मारायची दादांची छाती झाली नाही त्या माणसाला मी एका शब्दात मारून टाकलं होतं, आणि त्याला पाणी द्यायला दादा आता नव्हते.

जेवणं उरकल्यावर आईने मला मागच्या पडवीत गाठलं.

"हॉस्पिटलात असताना खबर आली होती ना तुला? सारखी जात होतीस."

मी उष्ट्या पानांचा ढीग उचलायला वाकले.

"मग त्यांना का नाही सांगितलंस? एवढं एकच मागत होता तो माणूस."

खरं सांगितलं असतं, तर दादांचा पिंड खोट्यावर पडला हे तिला कळलं असतं, आणि ती टोचणी तिला जन्माची पुरली असती. म्हणून मी म्हटलं, "धीर झाला नाही गं."

आई पुढे सहा वर्षं जगली. माझ्या हातचं जेवली, औषधं माझ्याच हातून घेतली. पण आल्यागेल्यापाशी दादांच्या गोष्टी सांगत असली आणि मी आत आले, की ती बोलणं थांबवायची.