स्कूटरच्या बदल्यात

“हसण्यासारखं काय आहे त्यात?” नंदाने साराचं पातेलं टेबलावर जरा जोरातच टेकवलं. “तुमच्या मित्राच्या, राजनच्या घरी सांगितलंत तेव्हाही असेच हसलात. दिवाळीच्या कार्यक्रमातही तेच. दर वेळी तीच गोष्ट आणि तेच खिदळणं.”

“अगं, तुला कोण हसतंय? प्रसंगच तसा होता,” श्यामकांत म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळला. “लोक थायलंडहून सिल्कचे स्कार्फ आणतात. मी बायको तिथेच ठेवून आलो!”

गुरुनाथ टेबलावर थाप मारून हसला. तो श्यामकांतच्याच ऑफिसात होता. चार महिन्यांपूर्वी मुंबईहून बदली होऊन रॉटरडॅमजवळच्या कापेलला, यांच्या समोरच्या इमारतीत राहायला आला होता. त्याची बायको नीलांबरी अर्धवट हसली आणि नंदाचा चेहरा पाहून कोशिंबीर वाढून घेऊ लागली. अकरा वर्षांची ज्ञानदा ताटातला मसालेभात चमच्याने इकडून तिकडे ढकलत होती.

“पूर्ण सांगा ना मग,” नंदा म्हणाली. “बारशाचंही सांगा.”

श्यामकांतने ते कधीच सांगितलं नव्हतं.

नंदा चिंचवडची. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं बँकेत होती. नवऱ्याला रॉटरडॅमची नोकरी लागली तेव्हा राजीनामा देऊन त्याच्या मागून आली. दोन वर्षं घरात बसून भाषा शिकली आणि मग एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काउंटरवर लागली. पाऊस असो, वारा असो, सायकलने जायची. तिच्या थोरल्या भावाला, दिलीपला, लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली ती गेल्या एप्रिलमध्ये. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या एकच. दिलीपने नंदाची मे महिन्याची सुट्टी बघून बारशाची तारीख धरली होती.

वाटेत चार दिवस चिआंग माईला उतरायची कल्पना श्यामकांतची. तिथे भाड्याने स्कूटर घ्यायचीही त्याचीच. शहरात फिरायला लाल गाड्या होत्या, मागे दोन समोरासमोर बाकं टाकलेल्या, थेट आपल्याकडच्या वडापच्या जीपसारख्या. पण अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून बसणं त्याला पसंत नव्हतं. जुन्या गावाभोवती चौकोनी खंदक आहे. खंदकाच्या आतल्या बाजूने वाहतूक एका दिशेला जाते आणि बाहेरून उलट दिशेला. तो हेल्मेट घालून चार दिवस त्याला प्रदक्षिणा घालत होता. शेवटच्या संध्याकाळी सामान भरताना नंदाने स्वतःचा पासपोर्ट शोधला तेव्हा तो सहज म्हणाला, “तो स्कूटरवाल्या बाईकडे आहे. डिपॉझिट.”

“आत्ताच्या आत्ता सोडवून आणा.”

“सकाळी विमानतळावर जाताना घेऊ. आज डोंगरावरच्या देवळाचे फोटो राहिलेत.”

सकाळी दुकानाचं शटर खाली होतं. शेजारच्या शेवयावालीने हात जोडले, डोळे मिटले आणि मान एका बाजूला टाकून दाखवली. मालकिणीच्या घरचं कुणीतरी गेलं होतं, आणि ती गावी.

“तीन तिकिटं कशाला फुकट घालवायची?” असं म्हणून श्यामकांत ज्ञानदाला घेऊन पुढे गेला. बारशाला घरातलं कुणीतरी हवंच, असंही म्हणाला. दिलीपच्या मामेबहिणीने बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं. श्यामकांतने त्याचं शूटिंग केलं आणि ती टेप नंदाला भेट म्हणून आणली. पासपोर्ट हातात येऊन नंदा पुण्याला पोचली तेव्हा पाळण्याची फुलं काढून झाली होती. वहिनी नीट बोलली नाही. दिलीप एवढंच म्हणाला, “तुझ्यासाठीच तारीख धरली होती गं.”

“आणि ही तिथे मस्त मजा करत होती,” श्यामकांत आता टेबलावर सांगत होता. “लाल गाड्यांतून गावभर!”

नंदाला याचाच सगळ्यात जास्त राग यायचा, कारण त्यात थोडं खरं होतं. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यावर उभी राहून बायका गाडी कशी थांबवतात ते बघत राहिली. हात करायचा, खिडकीतून ठिकाण सांगायचं, चालकाने मान डोलावली तर मागे चढायचं, नाहीतर पुढच्या गाडीची वाट बघायची. उतरायचं असलं की छतावरची बेल दाबायची. तिकीट पुढे ढकलायला ती विमान कंपनीच्या कचेरीत तशीच गेली. रोज सकाळी दुकान उघडलंय का बघायला हॉटेलजवळून भाड्याने सायकल घेतली. एकदा गाडीत केळ्यांचा घड घेऊन बसलेल्या दोन बाया तिचं मंगळसूत्र बोटांनी चाचपून हसल्या आणि तीही हसली. त्याच संध्याकाळी चिंचवडला बारसं होतं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

“नंदाताई,” नीलांबरीने विषय बदलावा म्हणून विचारलं, “यंदा आपण दोन्ही घरं मिळून चिआंग माईला जाऊ तेव्हा स्कूटर घेतली तर पासपोर्ट ठेवावाच लागतो का?”

“नाही. रोख चालते.”

“कोण म्हणालं?” श्यामकांतने विचारलं.

“दुकानातली पाटी. मालकिणीच्या मागच्या भिंतीवर, इंग्रजीत, एवढ्या मोठ्या अक्षरात. पासपोर्ट सोडवायला गेले तेव्हा वाचली.”

“मी पण वाचली होती. पण रोख अडकवून ठेवायची म्हणजे पुन्हा एटीएम शोधा. कशाला?”

आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“म्हणजे माहीत होतं तुम्हाला,” नंदा म्हणाली.

“अगं, त्यात माहीत असण्यासारखं काय आहे?”

“मग तुमचा का नाही ठेवलात?”

“माझा कसा ठेवणार? इथे राहायचा परवाना माझ्या नोकरीवर आहे. तुम्ही दोघी माझ्यावर डिपेंडंट. उद्या माझा हरवला तर तिघं अडकणार. तुझा हरवला तर तू एकटी. साधं गणित आहे.”

“तेच ना,” गुरुनाथ म्हणाला. “यंदाही वहिनींचाच ठेवू. त्यांना अनुभव आहे, गाड्याही माहीत झाल्यात!”

श्यामकांत हसला. नीलांबरीने नवऱ्याचा दंड दाबला. ज्ञानदा ताट तसंच टाकून उठली आणि इंग्रजीत म्हणाली, “तुम्ही सगळे प्लीज थांबाल का?” मग खोलीत जाऊन तिने दार लावलं.

पाहुणे गोड न खाताच गेले. श्यामकांत सोफ्यावर बसून रिमोट शोधू लागला.

“चार लोकांसमोर तोंड वाजवायची गरज होती का? उद्या ऑफिसात काय म्हणेल तो?”

“छबीचा पहिला वाढदिवस अठ्ठावीस एप्रिलला आहे,” नंदा म्हणाली. बाळाला घरात सगळे छबी म्हणत. “तुमच्या बुकिंगप्रमाणे आपण पुण्याला पोचतो चार मेला.”

“मग? एक वर्षाच्या पोरीला काय कळतंय? तिथे जाऊन केक कापू परत. गुरुनाथला शब्द दिलाय मी. हॉटेल झालंय, तिकिटं झालीत.”

“मला विचारलं होतंत?”

“तुला काय विचारायचं त्यात? दरवर्षी मीच करतो सगळं.”

नंदाने टेबल पुसून घेतलं. उरलेला भात डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला. मग ज्ञानदाच्या खोलीचं दार उघडलं आणि ते उघडंच ठेवून मधल्या जागेत उभी राहिली, दोघांनाही ऐकू जाईल अशी.

“मी चिआंग माईला येणार नाही. सत्तावीसला इथून थेट मुंबई आणि तिथून चिंचवड. तिकीट उद्या दवाखान्यातून सुटल्यावर माझ्या पगारातून काढणार आहे. ज्ञानदाने कुणाबरोबर जायचं ते तिचं तिने रविवारपर्यंत सांगावं. दिलीपला मी आजच फोन करून कळवतेय.”