जिभेचे फोटो

माझ्या फोनमध्ये माझ्या बायकोच्या जिभेचे एकाहत्तर फोटो आहेत. हे वाक्य चारचौघांत बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

तिच्या अंगात रक्त बनणंच कमी होत गेलं. अबुधाबीच्या हॉस्पिटलात रक्त चढवायचे, चार दिवस बरे जायचे. पुढे डॉक्टरांनी बोलताना खाली बघायला सुरुवात केली, आणि मी, ज्याला स्वतःची सर्दी धड आवरत नाही, एका चिनी वैद्यबाईंकडे पोचलो. बाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हणाल्या, ‘ची’ कमी आणि रक्तही कमी. ‘ची’ म्हणजे आपला प्राणच की, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्यांनी वाळकी मुळं, सालींचे काप आणि लाल खजूर दिले. हॉस्पिटल सोडायचं नाही, हेही बजावलं. आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, जिभेचा फोटो पाठवायचा. पांढरी जीभ गुलाबी व्हायला लागली की गुण येतोय.

काढा मी आमच्या आईच्या पद्धतीनं आटवला, आठ भांड्यांचं एक भांडं. बायको घोट घेऊन म्हणाली, “अहो, हे औषध आहे की रस्त्यावरचं डांबर?” बाईंना विचारलं तर त्यांना एवढं आटवायचंच नव्हतं.

रोज खिडकीपाशी, समोरच्या टॉवरच्या काचेवरून येणाऱ्या उन्हात, ती जीभ काढायची. “यल्ला, चला, फोटो काढा लवकर,” अशी घाई करायची. मुलगी दप्तर उचलत म्हणायची, “बाबा, दॅट्स सो ग्रॉस.”

तिसऱ्या आठवड्यात जीभ गुलाबी झाली. ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. बाईंचा मेसेज आला: मॅडमला विचारा, फोटोआधी काय खाल्लं?

विचारलं नाही. कचऱ्याच्या डब्यात कोथिंबिरीच्या काड्यांखाली बिटाची सालं सापडली. संध्याकाळी मीच दोन किलो बीट आणून फ्रिजमध्ये ठेवलं आणि रोज म्हणत राहिलो, “वा, आज रंग छान आहे.” बाईंना फोटो पाठवणं बंद केलं. काढणं नाही.

मग एका सकाळी जीभ पांढरीफटक. माझ्या तोंडून निघून गेलं, “आज बीट नाही?”

तिनं जीभ आत घेतली. “कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग सांगायचं नाही? उगाच पहाटे उठून खात बसायचे. मला बीट आवडत नाही, पंचवीस वर्षं झाली, अजून माहीत नाही तुम्हाला?” आणि हसायला लागली. माझं बोट बटणावरच होतं.

त्याच आठवड्यात ती गेली.

शेवटच्या महिन्यांत मी तिचा चेहरा एकदाही टिपला नव्हता, नुसत्या जिभा. चेहरा आहे तो या एकाच फोटोत, आणि हसल्यामुळे तोही हललाय.