परातीच्या खिडक्यांचा साडू

यवतमाळ जिल्ह्यात विमानापायी नुकसान झालेला माणूस एकच, तो मी. आणि विमानात कधी पाय न ठेवता ते नुकसान करणारा माणूसही एकच, तो माझा साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा फुलसावंगीला शेती करतो, निदान सातबारा तसं म्हणतो. त्याचा जीव मात्र विमान कसंकसं सुधारत गेलं यातच अडकलेला. जगात काहीही घडो, तो ते विमानाच्या कुठल्यातरी पिढीला नेऊन बांधतो. लग्न म्हणजे एकावर एक दोन पंखांचं जुनं विमान; मधल्या तारा तुटल्या की खेळ खलास. हे त्यानं माझ्याच लग्नाच्या वाढदिवशी माझ्या बायकोला समजावलं.

सुरुवातीच्या जेट विमानांच्या खिडक्या चौकोनी होत्या, कोपऱ्यांपाशी पत्र्याला तडे जायचे, म्हणून पुढे गोलसर आल्या, हे त्याला कुठूनसं कळलं. लगेच त्यानं घराच्या भिंती फोडून खिडक्या गोल केल्या. गोल पल्ले करणारा सुतार पंचक्रोशीत मिळेना, तेव्हा तिथे पितळी पराती बसवल्या. आता पाहुणे आले की कणीक मळायला त्याच्या बायकोला खिडकी काढून आणावी लागते. बर्फी दिली तर तो आधी चारी कोपरे कुरतडतो. म्हणतो, "साडभाऊ, तडा इथूनच जाते."

एवढं मी सोसलं असतं. पण मी ढाणकीच्या बैलबाजारातला दलाल, शून्यातून वर आलेला. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करण्यात मला तोड नाही. एकदा गिऱ्हाईकाची बोटं माझ्या मुठीत पक्की आली होती, तेवढ्यात हा बैलांभोवती चक्कर मारून म्हणाला, "जोडी झकास हाय, पण वजन समोर जास्त हाय. नाक खाली जाईन." गिऱ्हाईकानं हात ओढून घेतला. अरे, नाक खाली घातल्याशिवाय बैल चरेल कसा? आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

यंदा माझ्या लेकीला गुवाहाटीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. लगेच रुजू व्हायचं होतं, रेल्वेनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "जायचं नाही." ज्या वस्तूचे पाय जमिनीवर नाहीत ती मी घेत नाही आणि विकतही नाही. लेक रडली, आणि तिनं मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे यालाच, बोलावलं.

तो आला आणि मला धीर द्यायला अगदी मुळापासून सुरू झाला. दोघा सायकलवाल्या भावांचं पहिलं उड्डाण चूल पेटायच्या आत संपलं. मग कापडाचे पंख फाटले, लाकडाचे मोडले, पत्र्याचे निखळले. कोण कुठे पडला, सगळं मन लावून सांगितलं.

मी ओरडलो, "अबे, तू समजावाले आला का भेव दावाले?"

"साडभाऊ, जो जो पडला, तो मागच्याले शिकवून गेला. ते सारे पडले नसते, तर म्याच पोरीले बसू देलं नसतं."

मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याचा हात त्याखाली घेतला आणि विचारलं, "भरवसा किती?" त्यानं माझी पाचही बोटं दाबली. या भाषेत कोणी खोटं बोलत नाही. सौदा झाला.

नागपूरला लेक आत गेली. आम्ही दोघं विमानतळाबाहेरच्या कुंपणाला चिकटून उभे राहिलो. विमान धावलं, उठलं, आमच्या डोक्यावरून गेलं. एवढ्या जवळून ते त्यानंही पहिल्यांदाच पाहिलं. आता हा गावभर ऐकू जाईल असं बोलणार म्हणून मी कान देऊन थांबलो. हा नुसताच वर बघत राहिला.

"काहून बे? कोन्या पिढीचं हाय हे?"

मान वर तशीच ठेवून तो म्हणाला, "मले विमान दिसूनच नाही राह्यलं, साडभाऊ. आपली पोरगीच दिसून राह्यली."

विमान ढगात गेलं तरी त्याची मान खाली आली नाही. परतीच्या गाडीत तो एक शब्द बोलेना. लेक अजून वरच होती, आणि मला काही ती शांतता सहन होईना. शेवटी मीच त्याचा गुडघा हलवून म्हणालो, "बोल ना रे कायीतरी. पयल्यापासून सांग."