राणीच्या काळची भुतं आणि आमचा कावळा

माझी मुलगी बारावीला होती तेव्हाची गोष्ट, म्हणजे गेल्याच वर्षीची. इंग्रजीच्या प्रोजेक्टला तिने विषय घेतला तो असा: व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कथांमधली भुतं माणसांना काय शिकवतात. मी आखातातल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात वजनकाटे तपासतो. काटा खरं दाखवतो की नाही, एवढंच माझ्या अखत्यारीत येतं, त्यामुळे भुतांच्या बाबतीत मला कोणी विचारलं नाही.

प्रोजेक्टवर तोंडी परीक्षा होती. बाईंनी मुलांना सांगितलं होतं, विषय आधी अशा माणसाला समजावून सांगा ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही. आमच्या घरात असं माणूस एकच होतं, माझी आई. ती त्याच्या सात महिने आधी गुहागरजवळच्या आमच्या गावाहून आमच्याकडे राहायला आली होती. शुक्रवारी सुट्टी. पोहे झाले की दोघी बाल्कनीत बसायच्या. आई काहीतरी निवडत असायची आणि मुलगी तिच्या मोडक्या मराठीत भुतं सांगायची. मी दाराच्या आत खुर्ची टाकून ऐकायचो.

"राणी म्हणजे राणीछाप रुपयावरची ना?" आईने पहिल्या दिवशी विचारलं.

"कुठला रुपया?"

"असू दे. तू सांग."

"एक मोठं घर असतं, आजी. ओनर खूप रिच असतो. आणि रोज जिन्यावर एक बाई दिसते. ओली."

"ओली कशाने?"

"रिव्हरमध्ये... नदीत गेलेली असते. ती आधी तिथेच मेड असते. त्यांनी तिला हाकललेलं असतं. थंडीत."

"पोटुशी असणार."

मुलीने वही चाळली. "तसं डायरेक्ट लिहिलं नाहीये."

"लिहितील कशाला? पण उगाच नाही हाकलत कोणी. बरं, मग ती करते काय? मान मुरगळते?"

"नाही. नुसती उभी राहते."

"मग घाबरायचं काय त्यात?"

"तो घाबरतो. कारण त्याला माहितीये ना, ती का आलीये."

आई हसली. "म्हणजे भूत त्याच्या पोटातच होतं. जिन्यावर नुसतं दिसलं."

मुलीने ते वाक्य लगेच इंग्रजीत लिहून घेतलं. तोवर मला हा अभ्यास म्हणजे वेळकाढूपणा वाटत होता. त्या दिवसापासून शुक्रवारी बाहेरची कामं काढणं मी बंद केलं.

एकदा ती म्हणाली, की या कथांमध्ये भूत बहुतेक वेळा नोकरांना आधी दिसतं आणि मालकाला सगळ्यात शेवटी.

"बहुतेक म्हणजे किती?" मी आतून विचारलं.

"बाबा, हे वजन नाहीये."

"किती वाचल्यास आणि किती कथांत असं आहे, एवढंच सांग."

तिने बोटं मोजली. "अकरा वाचल्या. आठमध्ये."

"मग बहुतेक म्हणायला हरकत नाही."

"थँक यू, अर्बाब," ती म्हणाली. अर्बाब म्हणजे इथे मालक. कारखान्यातला हा शब्द मी घरी आणला आणि तो असा माझ्यावरच उलटतो.

मग तिने आजीला खरा मुद्दा सांगितला. त्या काळात मोलकरणीला, गरिबाला, इतकंच काय, घरच्या बायकोलाही मालकाच्या तोंडावर बोलता यायचं नाही. बोललं की घराबाहेर. म्हणून लेखक ते बोलणं मेलेल्या माणसाच्या तोंडी घालायचे.

"मेलेल्याला कामावरून काढता येत नाही," आई म्हणाली. सुपातले तांदूळ निवडत ती पुढे म्हणाली, "आमची भुतं असं शिकवत बसत नाहीत बाई. गावाचा राखणदार वर्षाला नारळ घेतो आणि गप राहतो. पण बाळंतपणात गेलेल्या बाईची अलवंतीण होते म्हणतात, ती तुझ्या ओल्या बाईसारखीच. जिवंत होती तेव्हा तिला कोणी विचारलं नाही, दुखतंय का, खाल्लंस का. मेल्यावर सगळा गाव हात जोडून विचारतो, बाई गो, तुला हवंय तरी काय."

आता आई आमच्याकडे का आली होती, ते सांगायला हवं.

माझे वडील गेले, तेव्हा दहाव्याला आम्ही खाडीकाठी गेलो. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा राहिली नाही असं धरतात. नाही शिवला तर घरचे अंदाजाने एकेक गोष्ट कबूल करतात. त्या दिवशी कावळे माडावर बसून होते आणि खाली येत नव्हते. चुलतभावाने बागेची काळजी घ्यायचं कबूल केलं. मी वडिलांची वाचनालयाची देणगी चालू ठेवीन म्हणालो. काही झालं नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा मी पिंडासमोर जाऊन मोठ्याने म्हणालो, "बाबा, आईला एकटी ठेवणार नाही. माझ्याबरोबर घेऊन जातो." हात जोडले आणि मागे सरलो. कावळा आला. जमलेली माणसं घराकडे वळली.

मी शब्द मोजून देतो आणि दिला की पाळतो. आईला सोहारला आणलं. तिला काही कमी पडू दिलं नाही, निदान मला मोजता येईल असं काही नाही. रक्तदाब ताब्यात होता, वजन थोडं वाढलं होतं. ती कुरकुरत नव्हती. फक्त गावचा फोन आला की उभी राहून बोलायची, जसं काही आता निघायचंच आहे. तिचा व्हिसा वाढवायची वेळ आली होती आणि मी कागद तयार ठेवले होते.

परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी मुलीने आजीला प्रोजेक्टचा शेवट वाचून दाखवला. या कथांमध्ये माणसं भुतालाच विचारतात, तुला काय हवंय, आणि तेही फार उशिरा, असा काहीसा तो होता. वाचून झाल्यावर तिने वही मिटली आणि सहज विचारलं, "आजी, तुला काय हवंय?"

मला वाटलं, आई म्हणेल, काही नको गो, देवाने सगळं दिलंय. ती म्हणाली, "मला घरी जायचंय."

मी बाहेर आलो. "आई, इथे काही त्रास आहे का?"

"त्रास नाही रे. थंडीत इथे छान असतं. मी येईन थंडीत. पण मला माझ्या घरी राहायचंय."

"एकटी? आणि पडलीस तर?"

"इथे नाही का पडणार? तुम्ही तिघे सकाळी सातला बाहेर जाता."

मी दुसऱ्या मुद्द्यावर गेलो. "मी बाबांना शब्द दिलाय. सगळ्यांसमोर. आणि कावळा शिवला."

"म्हणून तर इतके दिवस बोलले नाही. चारचौघांत दिलेला शब्द तुझ्या आईनेच कसा खोटा पाडायचा?" तिने सूप खाली ठेवलं. "पण आता हिने विचारलंच आहे तर सांगते. मी लांब आंब्याखाली बसले होते. तू काय बोललास ते मला तिथे ऐकूच आलं नाही. घरी आल्यावर लोकांनी सांगितलं. मला दिसलं ते एवढंच, की तू आणि तुझा चुलतभाऊ पिंडाच्या डोक्यावर उभे होतात, आणि कावळे बिचारे वाट बघत होते. तू मागे सरलास आणि कावळा आला."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचं हसू दाबलेलं दिसत होतं. "बाबा, तूच म्हणतोस ना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची?"

हे मी कारखान्यात नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. काटा चुकत असेल तर वजन आणि जागा एकदम बदलू नका, चूक कशाने गेली ते कधीच कळणार नाही. खाडीकाठी मी शब्द दिला आणि मागे सरलो, दोन्ही एकदम. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण दुसऱ्यांना सांगतो.

"मग बाबांना काय हवं होतं?" मी आईला विचारलं.

"मला काय ठाऊक? बेचाळीस वर्षं मलाही सांगितलं नाही त्यांनी," आई म्हणाली. "म्हणून मी माझं आत्ताच सांगून टाकते. माझ्या वेळी तुम्ही उन्हात उभं राहून अंदाज नका करू."

दोन दिवस मी याचा विचार केला. बायको म्हणाली, "अहो, शब्द बाबांना दिलात, पण पाळताय तो आईंच्या जिवावर." तिसऱ्या दिवशी मी व्हिसाचे कागद बाजूला ठेवले आणि तिकीट काढलं. गावी शेजारच्या सुनेशी बोललो. ती सकाळ-संध्याकाळ डोकावते. रक्तदाबाचं यंत्र आईबरोबर दिलं. देण्याआधी ते मी तपासून घेतलं, हे सांगायला नको.

मुलीची परीक्षा चांगली झाली. परीक्षकांनी तिला विचारलं, की भूत पोटातच असतं हे कोणत्या पुस्तकात आहे. ती म्हणाली, आजीत.

यंदाच्या पितृपक्षात मी सोहारच्या गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. मग जिन्याच्या दारापर्यंत मागे गेलो आणि तोंड बंद ठेवून उभा राहिलो. थोड्या वेळाने आईचा फोन आला.

"शिवला का?"

"लगेच."

"काही कबूल नाही ना केलंस?"

"नाही."

"शहाणा आहेस. दिवाळीनंतरचं तिकीट काढ माझं. येताना कोकम आणू की नको?"

"किती आणशील?"

"ते बॅगेवर ठरेल. काटा तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.